आंबाखुंटचा न चुकलेला काटा

झिपरीबाई वळवी ही आंबाखुंट पाड्यावरची सुईण. बाळ जन्मलं की ती त्याच्या तळपायाला गाठ मारलेला दोरा लावायची. पाऊल गाठीपर्यंत पोचलं नाही, तर बाळ वजनाला कमी आहे हे ती ओळखायची. मग त्याला आईच्या उघड्या छातीशी बांधून दवाखान्यात पाठवायची.

दिवाळीत तालुक्याचे आरोग्य अधिकारी खासनीस आले आणि त्यांनी दोरा काढून घेतला. "वजन यापुढे काट्यावरच होईल," ते म्हणाले. काटा मात्र तालुक्याच्या कपाटातच राहिला.

माघ सरेपर्यंत पाड्यावरची चार बाळं गेली. ती कमी वजनाची होती हे कळायला फार उशीर झाला. साहेबांनी तालुक्याला चौकशी लावली आणि झिपरीबाईला त्या चार आयांसमोर उभं केलं.

"तुमचा दोरा कधी चुकलाच नव्हता का?" त्यांनी विचारलं.

"दोनदा चुकला, साहेब. चांगली बाळसेदार पोरं मी अशक्त समजले आणि आईच्या उराशी बांधायला लावली. दोघंही आज अंगणात पळतात."

"आमचा काटा गुंजभरही चुकत नाही."

"खरं आहे," झिपरीबाई म्हणाली. "आमच्या पाड्यावर तर तो एकदाही चुकला नाही. तिथं तो कधी आलाच नाही."

साहेबांनी चौकशीच्या कागदावरचं तिचं नाव खोडलं आणि तिथं स्वतःचं लिहिलं.

चारही आया उठून पाड्याच्या वाटेला लागल्या. त्यातल्या धाकटीला अजून पान्हा फुटत होता. तिचं लुगडं पुढून भिजलं होतं.