सात घरांचा साबण

फार फार वर्षांपूर्वी एका घाटाच्या माथ्यावर एक गाव होतं. गावात यायला एकच वाट होती आणि त्या वर्षी दरड कोसळून ती बंद पडली. मीठ, तेल, साबण, सगळं खालच्या बाजारातून यायचं. महिना उलटला तरी वर काहीच आलं नव्हतं.

अशातच एका सकाळी पाटलांच्या सुनेला कळा सुरू झाल्या. पहिलंच बाळंतपण. भिवरा सुईण आली. तिने पोट चाचपून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. बाळ आडवं होतं. हात आत घालून ते फिरवावं लागणार होतं.

तिने कढत पाणी आणि साबण मागितला.

पाटलीणबाईंनी सगळं घर धुंडाळलं. साबण नव्हता. त्या घरात वडी झिजून पातळ झाली की परसात फेकून द्यायची रीत होती. शेवटची वडी चार दिवसांपूर्वी अशीच गेली होती आणि पावसात विरघळून गेली होती. त्यांनी चुलीतली राख पुढे केली.

भिवराने ती घेतली नाही.

"राखेनं हात धुऊन मी एक अडलेली बाई सोडवली होती," ती म्हणाली. "बाळ जगलं. आई चौथ्या दिवशी तापानं गेली. तेव्हापासून साबणाशिवाय मी हात घालत नाही. गावातल्या बायका झिजलेले तुकडे जपून ठेवतात. मागून आणा. दुपार टळायच्या आत आणा, पोरीचं बळ तेवढंच आहे."

घरातले सगळे पुरुष दरड उपसायला गेले होते. मोलकरीण सुनेला धरून बसली होती. पाटलीणबाई स्वतःच निघाल्या.

पहिलं घर कुंभारणीचं होतं. दाराशी येऊन त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या. गेल्याच उन्हाळ्यात ही बाई नव्या वडीवर जुना तुकडा दाबून चिकटवत होती, तेव्हा पाटलीणबाई नदीवर सगळ्यांदेखत तिला हसल्या होत्या. कुंभारीण ते विसरली नव्हती. पाटलीणबाईंनी मान खाली घालून सांगितलं की सून अडली आहे, साबणाचा तुकडा असेल तर हवा आहे.

 कुंभारीण आत गेली आणि करवंटीतले तीन तुकडे घेऊन आली.

"खालची आळी मी बघते, बाई," ती म्हणाली. "तुम्ही वरची बघा."

कुठे फडक्यात बांधलेला चुरा मिळाला, कुठे नखाएवढी चकती. दोन घरांत काहीच नव्हतं. एका घराने दार उघडलं नाही. सुनेचं ओरडणं वरच्या आळीपर्यंत ऐकू येत होतं. वरच्या आळीतल्या शेवटच्या घरी तुकडा हातात पडला आणि ते ओरडणं एकदम थांबलं. पाटलीणबाई धावत सुटल्या.

सून जिवंत होती. ओरडायचं त्राण मात्र उरलं नव्हतं. कुंभारीणही खालच्या आळीतून आली होती. सात घरांचे मिळून जमलेले तुकडे भिवराने विळीवर बारीक चिरले, कढत पाण्यात टाकले आणि विरघळून दाट होईपर्यंत ढवळत राहिली.  तिने कोपरापर्यंत हात घासले, नखं घासली, पुन्हा घासली. मग खोलीचं दार लावून घेतलं.

पाटलीणबाई आणि कुंभारीण ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या. ऊन अंगणातून सरकत कुंपणापर्यंत गेलं. शेवटी बाळ रडलं.

"आता चार दिवस जाऊ द्या," भिवरा बाहेर येऊन एवढंच म्हणाली.

ते चार दिवस पाटलीणबाई सुनेच्या उशाशीच होत्या. दर घटकेला कपाळाला हात लावून बघत होत्या. पाचव्या दिवशी उजाडताना कपाळ गारच होतं. सुनेने डोळे उघडले आणि पेज मागितली. पाटलीणबाई चुलीपाशी गेल्या आणि तिथे पदरात तोंड घालून रडल्या.

पुढे वाट मोकळी झाली, बाजारातून साबण आला. पाटलीणबाईंनी तुकडे देणाऱ्या सातही घरी नवी वडी स्वतः नेऊन दिली. त्या घरातला साबणाचा तुकडा त्यानंतर कधी परसात गेला नाही.

तात्पर्य: झिजून लहान झालेली वस्तू टाकू नये आणि ती जपणाऱ्याला हसू नये, कारण तिची गरज आपल्याला कधी पडेल ते सांगता येत नाही.