मळलेली पुस्तके

वाघनूर संस्थानची ग्रंथशाळा सांभाळणाऱ्या त्रिविक्रमशास्त्र्यांकडे कोणी फिरकत नसे. मथुबाई मास्तरणींच्या ओसरीवर मात्र मुले पुस्तके वाचून तावातावाने चर्चा करीत. ते पाहून शास्त्रीबुवांचा जळफळाट होई. अखेर ते तक्रार घेऊन दरबारात गेले.

“महाराज, बाईंनी पुस्तकांची पार दशा केली आहे. हे माझे पाहा, दहा वर्षांनीही कोरे करकरीत.”

महाराजांनी मथुबाईंना बोलावून घेतले. त्या म्हणाल्या, “शास्त्रीबुवा, त्यातले चाळिसावे पान वाचून दाखवता?”

शास्त्रीबुवांनी पुस्तक उघडले. पाने कडेला जोडलेलीच होती. छापखान्यातून आल्यापासून ती कोणी कापलीच नव्हती.

“महाराज, माझी पुस्तके मुलांच्या हातांनी मळली,” बाई म्हणाल्या. “यांच्या पुस्तकाला अजून यांचाच हात लागलेला नाही.”

महाराजांनी त्याच दिवशी ग्रंथशाळेची किल्ली मथुबाईंच्या हाती दिली.