काड्यांची खिडकी

घाटमाथ्यावरच्या एका गावात मंजुळा नावाची एक बाई सकाळी खिडकीतल्या फुलांना पाणी घालत होती. तेवढ्यात निरोप आला, की लेकीकडे गेलेली तिची थोरली जाऊ गोदाक्का तिकडेच वारली. मंजुळेने झारीतलं पाणी संपवलं आणि मगच झारी खाली ठेवली.

त्या गावात चैत्रात देवीची पालखी निघे. वाटेवरची माणसं खिडक्यांत फुलांच्या पेट्या ठेवत, टोपल्या टांगत. सगळ्यांत फुललेल्या घराला पहिल्या आरतीचा मान मिळे. मंजुळा दर वर्षी माळ्याकडून बहरलेली रोपं विकत घेई, मान मिळवी आणि उन्हाने रोपं वाळली की उकिरड्यावर टाकी. भिंतीपलीकडे, घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात, गोदाक्काच्या टोपल्यांत शेवंती असे. ती थंडीत फुले. बहर सरला की गोदाक्का ती बुडाशी छाटी. पालखीच्या दिवशी तिथे नुसत्या काड्या. लोक हसत.

गोदाक्का म्हणे, "माझे फुटवे ने गं. एकदा लावलेस की दर वर्षी फुलतील."

मंजुळा म्हणे, "पुढच्या वर्षी नेते, अक्का."

आता दोन्ही खिडक्या मंजुळेकडे आल्या. पालखी जवळ आली तसा गुरव सांगून गेला, की यंदा दोन्ही खिडक्या मिळून घर एकच धरलं जाईल. शेजारणीने विचारलं, "काड्यांनाच ओवाळणार का, मंजुळाबाई?"

मंजुळेने माळ्याला बोलावलं आणि गोदाक्काची टोपली उपसायला घेतली. मातीत बोटं गेली, तर काडीच्या बुडाशी ओला, पांढुरका कोंब हाताला लागला. तिने माती परत दाबली.

"रोपं परत ने," ती माळ्याला म्हणाली.

"मान जाईल, बाई."

"जाऊ दे."

मान गेला. पालखी खिडकीखालून न थांबता पुढे गेली. मंजुळा काड्यांना पाणी घालत राहिली. मार्गशीर्षात टोपल्या पिवळ्याधमक झाल्या. बहर ओसरल्यावर तिने शेवंती बुडाशी छाटली आणि फुटवे आपल्या पेट्यांत लावले. शेजारीण मागायला आली, तिलाही दिले.

गोदाक्काच्या हातून घ्यायचे मात्र राहून गेले.

तात्पर्य: एका दिवसाच्या शोभेपेक्षा पुन्हा फुटणारं मूळ जपावं, आणि देणारा आहे तोवरच त्याच्या हातून घ्यावं.