चार कला वजा

कराचीहून आलेले एक वृद्ध जहाज-अधिकारी देवगडला स्थायिक झाले होते. रघुवीर सारंग त्यांचे नाव. फाळणीच्या वेळी घरदार सोडताना त्यांनी एकच मौल्यवान वस्तू सोबत घेतली. तो त्यांचा सेक्स्टंट होता, सूर्याची क्षितिजापासूनची उंची मोजून भर समुद्रात जहाजाचा ठावठिकाणा सांगणारे पितळी यंत्र. कराचीच्या धक्क्यावर, गर्दीत, त्याची पेटी हातातून पडली. यंत्र मोडले नाही. पण तेव्हापासून ते प्रत्येक कोन चार कला, म्हणजे अंशाचे चार साठांश, जास्त दाखवू लागले.

सारंग गावातल्या तरुणांना नौकानयन शिकवत. त्यांत यशवंत तांडेल सर्वांत हुशार. त्याचेही कुटुंब कराचीहूनच आलेले.

एके दिवशी एक व्यापारी सारंगांकडे आला. मस्कतला निघालेल्या आपल्या नव्या गलबतासाठी त्याला वाट काढणारा जाणता माणूस हवा होता. त्याने यशवंतविषयी विचारले. यशवंत तिथेच बसला होता.

“अजून कच्चा आहे,” सारंग म्हणाले. “आणखी एक वर्ष जाऊ द्या.”

व्यापारी उठला. यशवंतने मान खाली घातली; गुरूच्या शब्दापुढे बोलण्याची त्याची रीत नव्हती. एवढ्यात सारंगांनी व्यापाऱ्याला थांबवले. आतून पेटी आणली, ओट्यावर उभे राहून यंत्र समोरच्या क्षितिजाला लावले आणि ते व्यापाऱ्याच्या हाती देऊन आकडा वाचायला सांगितला. आकडा चार होता. क्षितिज क्षितिजाशीच जुळवले की शून्य यायला हवे, असे सारंग म्हणाले. मग मुंबईला नेऊन दुरुस्त का केले नाही, असे व्यापाऱ्याने विचारले.

“गरज पडली नाही. किती चुकते ते ठाऊक आहे, तेवढे वजा करतो. पण आत्ता मी जे बोललो, त्यातूनही काही वजा करायला हवे होते. धक्क्यावर मला ढकलून पुढे गेला, तो याचा बाप. पेटी तेव्हाच पडली. बोटीतली आमची जागा गेली. आठ दिवस उघड्यावर काढले, त्यात माझी आई गेली. त्या माणसाच्या खांद्यावर सहा वर्षांचे मूल होते, तेही मी पाहिले होते. त्याच्या जागी मीही तेच केले असते. हे सगळे कळते. तरी यशवंतकडे पाहताना नजर कठोर होतेच. पंधरा वर्षांत ते गेले नाही. निदान ध्यानात ठेवून बोलायला हवे, आज विसरलो. मुलगा तयार आहे. त्याला न्या.”

यशवंतला यातले काहीच ठाऊक नव्हते. वडील या दारावरून जायचे टाळतात, एवढेच त्याने पाहिले होते.

“मग मला शिकवलंत का, काका?”

“आलास त्या दिवशीही तोंडात आधी ‘नाही’च आले होते. तेव्हा मात्र वजा करायला विसरलो नाही,” सारंग म्हणाले.

आपले मन निर्दोष आहे असे शहाण्याने धरून चालू नये. ते कुठे आणि किती झुकते, तेवढे ओळखावे.

यशवंतने सारे घरी सांगितले आणि तो मस्कतला निघून गेला. आठवड्याभराने त्याचे वडील सारंगांच्या ओट्यावर येऊन बसले.

“आईंची तिथी कधी असते?” त्यांनी विचारले.

सारंगांनी तिथी सांगितली, आणि सुनेला दोन कप चहा ठेवायला सांगितले.