गप्पीच्या नावावरची टाकी

टाकीतले मासे एकमेकांशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. मिरजेच्या एका दातांच्या दवाखान्यात काचेची नवी टाकी आली. पाणी मानवतं का ते पाहायला डॉक्टर उकिडवेबाईंनी आधी एकच गप्पी सोडला. आठवडाभरात गप्पीला वाटू लागलं, टाकी आपल्याच नावावर आहे.

मग सहा इवले निऑन मासे आले. "दगडाजवळ फिरायचं नाही! झाडाला शेपूट लावायची नाही!" गप्पीने बजावलं. बिचारे एका पानामागे दाटीवाटीने राहू लागले. तरी गप्पी कुरकुरे, "यांना धाकात ठेवायला कुणीतरी मोठं हवं."

एके दिवशी खरंच मोठा मासा आला. निऑन त्याला दिसलेही नाहीत. गप्पीची रंगीत शेपटी पाहून त्याने जबडा उघडला, तसा गप्पी जीव घेऊन पळत सुटला.

"काका, इकडे या!" निऑन अंग चोरून एकमेकांना चिकटले आणि पानामागे काकांपुरती जागा झाली.

बाईंनी मोठ्या माशाला त्याच दिवशी परत पाठवलं. पुढच्या आठवड्यात नव्या माशाची पिशवी पाण्यावर तरंगू लागली, तेव्हा गप्पी स्वतः सामोरा गेला.

"या, या! टाकी आपलीच समजा," तो अदबीने म्हणाला. "फक्त आत येण्याआधी जरा आ करून दाखवा."