बस्त्याव मामांची कवळी

“...मग मसाला तरी सांगा. लाकूड कुठलं घालता ते सांगा. काहीतरी असेलच ना, मामा?”

बस्त्याव मामा भट्टीच्या कट्ट्यावर बसून गाजरं खरवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“मीठ घालतो. मिरी घालतो. थोडं व्हिनेगर,” ते म्हणाले. “लाकूड चिंचेचं.”

“एवढंच?”

“एवढंच.”

सिरिलला ते खरं वाटलं नाही. अकरा वर्षं बोटीवर कुक होता तो. एवढ्यावर भागतं हे त्याला कसं पटावं?

माझी ओटी भट्टीच्या समोरच आहे. ऐकायचं नाही म्हटलं तरी सगळं कानावर येतं. आणि ऐकायचं नाही असं मी कधी म्हटलेलंही नाही.

आधी हे सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमचं गाव वसईकडचं. नव्या भाताच्या लोंब्या देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये नेतात, त्या आगेराच्या रविवारी पहिली पंगत सत्तरीच्या पुढच्यांची बसते. पानात भाजलेलं बीफ असतं. आमच्याकडे म्हशीचंच, आणि आम्ही त्यालाही मटणच म्हणतो. बरोबर गाजर, बटाटा, रताळं, कांदे, सगळं त्याच रसात भाजलेलं. चाळीस वर्षं ते मामांच्या भट्टीतून आलं.

गेल्या साली मामांचे हात कापायला लागले, म्हणून सिरिलनं केलं. पातळ काप, आतून गुलाबी, फुलासारखे मांडलेले. दिसायला काय सुंदर!

आम्ही म्हाताऱ्यांनी तोंडात घातलं, घोळवलं, आणि हळूच कागदी रुमालात गुंडाळलं. देवळामागे कुत्री होती, त्यांना टाकलं. माझाही तुकडा त्यात होता, उगाच कशाला लपवू?

सिरिल नेमका हात धुवायला तिकडे आला. त्यानं पाहिलं. त्याचा चेहरा मला वर्षभर आठवत राहिला.

यंदा पंगत बाहेरच्या केटररला द्यावी, असं गावात चाललं होतं. एकटे मामा अडून बसले. सिरिलच करील, म्हणाले. म्हणजे यंदा जमलं तर जमलं. नाहीतर त्या पोराला गावात पुन्हा कोणी पळी हातात धरू दिली नसती.

“मामा, माझ्या हातचं खाऊन साहेब लोक बोटं चाटायचे,” सिरिल म्हणाला.

“चाटत असतील.”

“मग?”

“त्यांना दात होते ना...”



मामांनी खरवडलेलं गाजर खाली ठेवलं. तोंडात बोट घालून कवळी काढली, वरची आणि खालची. पाण्यात बुचकळली, पंचाला पुसली आणि साबणाच्या रिकाम्या डबीत ठेवून डबी सिरिलच्या हातात दिली.

“हे काय?”

“सांभाळ. आगेरापर्यंत.” कवळी नसल्यानं मामांचं बोलणं आता फुसफुसत होतं. “तोवर पेज पिईन. मटण खाईन ते तू भाजलेलंच.”

सिरिलनं डबी अशी धरली होती की जणू आत विंचू आहे.

सणाला तीन रविवार होते. तिसरा सणाचाच.

पहिल्या रविवारी सिरिलनं भट्टी अशी तापवली की माझ्या ओटीवर झळ आली. मांसात टोचायचं थर्मामीटर होतं त्याच्याकडे. दर पंधरा मिनिटांनी दार उघडायचा, टोचायचा, आकडा बघायचा. दीड तासात बाहेर काढलं. खमंग वास सुटला होता, ते कबूल करते.

मामांनी एक तुकडा तोंडात घेतला. बराच वेळ गाल हलले. मग तो तुकडा त्यांनी पानाच्या कडेला ठेवला आणि गाजर खाल्लं.

“गाजर छान झालंय,” म्हणाले.

“आणि मटण?”

“...रताळंही छान आहे.”

दुसऱ्या रविवारी त्यानं आच कमी केली, वेळ वाढवला. मांस मात्र तेच, चकचकीत, चरबी-शिरा काढलेलं, दुकानातलं सगळ्यात महाग. आणि दार? मी मोजलं नाही, पण उघडण्याचा कर्र आवाज ऐकून माझं मांजर ओटीवरून निघून गेलं.

मामांनी पुन्हा गाजर खाल्लं.

दोन आठवडे पेजेवर काढलेला माणूस तो. गालाची हाडं वर आली होती. सिरिलला ते दिसत होतं, आणि दिसत होतं म्हणूनच तो भडकला.

“तुम्हाला दात नाहीत, त्याला मी काय करू?”

मला वाटलं आता मामा उठतील, त्याला भट्टीवरून हाकलतील. मामा आपले त्याच्याकडे बघत राहिले... आणि हसले. सगळ्या हिरड्या दिसल्या.

“तेच तर विचारतोय, बाबा,” ते म्हणाले. “तू काय करणार?”

सिरिल निघून गेला. जाताना उरलेलं मटण घेऊन गेला.

पुढचं मला त्याच्या बायकोनं सांगितलं, लविनानं. घरी येऊन तो जेवणाच्या टेबलाशी बसला. एका बाजूला डबी उघडून ठेवली, दुसऱ्या बाजूला मटणाचं ताट. एक तुकडा तोंडात घातला आणि दाताला दात लागू दिला नाही. जीभ आणि टाळू, बस्स. ढकलतोय, दाबतोय, डोळ्यांत पाणी. लविनाला वाटलं दाढ दुखतेय.

संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली तरी तो तुकडा तोंडात होता तसाच होता.

“थुंकला शेवटी,” लविना म्हणाली. “आणि मग म्हणाला, वर्षभर मी त्या म्हाताऱ्यांवर रागावलो होतो.”

हे ऐकताना मला माझ्या रुमालाची लाज वाटली. आपण निदान तोंडावर सांगायला हवं होतं.

सणाच्या आदल्या दिवशी तो खाटकाकडे गेला. पिंढरीचं मांस मागितलं, हाडासकट, शिरांसकट. खाटीक म्हणाला, “अरे, ते कोणी नेत नाही.” सिरिल म्हणाला, “म्हणूनच दे. सावकाश भाजलं की त्या शिरांचाच रस होतो.”

रविवारी पहाटेच भट्टीत चिंचेची लाकडं पेटली. विटा तापल्या, तशी त्यानं आग विझू दिली आणि निखारे ओढून काढले. खोल ट्रेमध्ये कांदे, गाजरं, बटाटे, रताळी, त्यांच्यावर मांस, वरून केळीची पानं. मीठ, मिरी, थोडं व्हिनेगर. सहाच्या ठोक्याला ट्रे आत गेले. मग त्यानं दार लावलं आणि दाराच्या फटीला चहूकडून कणीक लिंपली.

मामा कट्ट्यावर बसून होते.

सिरिल भट्टीसमोर स्टुलावर बसला. आठ वाजले. मिसा, म्हणजे सणाची प्रार्थना, सुरू झाली, लोंब्या वाजतगाजत देवळात गेल्या. तो हलला नाही. दहा वाजले. त्याचा हात दाराकडे गेला.

मामांनी पाहिलं.

सिरिलनं हात मागे घेतला. दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिला. चाळिशीला आलेला माणूस, शाळेत शिक्षा झाल्यासारखा! मला हसू आलं.

एक वाजायला आला तेव्हा मामांनी तोंड उघडलं.

“सात तास काय केलंस?”

“काही नाही.”

“जड गेलं?”

“...फार.”

“हं,” मामा म्हणाले. “उघड आता.”

दाराची कणीक भाजून खरपूस झाली होती. सिरिलनं ती उलथन्यानं फोडली, दार ओढलं, पहिला ट्रे बाहेर घेतला, केळीची काळी पडलेली पानं बाजूला केली. हाडाला नुसता चिमटा लावला. हाड एकटंच वर आलं, धुतल्यासारखं पांढरं, आणि मांस जागच्या जागी बसून राहिलं.

सिरिलनं मामांकडे पाहिलं. मामा गाजरं बघत होते.

पंगत बसली. आम्ही एकोणतीस जण. टेबलावर सुरी नव्हती, हे मला सगळ्यात आधी दिसलं. सिरिल स्वतः पळीनं वाढत आला. मी रुमाल मांडीवर तयार ठेवला होता, खोटं कशाला बोलू?

पहिला घास तोंडात घेतला... आणि तो गेला. मी काहीच केलं नाही. नुसती जीभ लावली, आणि गेला. रस, मिरी, रताळ्याची गोडी, सगळं मागे ठेवून गेला. दोन दात आहेत मला, समोरासमोर नसलेले. त्यांना कळलंसुद्धा नाही.

एकोणतीस म्हातारे आणि आवाज फक्त चमच्यांचा. सिरिलला काय वाटलं असेल कोण जाणे, भिंतीला टेकून उभा होता, पांढराफटक.

मग रेमेत बाय, एक्याण्णव वर्षांची, गेल्या साली सगळ्यात आधी रुमाल काढणारी, तिनं रिकामं ताट उचलून वर धरलं.

“सिरिल,” ती म्हणाली, “घाल रे अजून.”

आणि लगेच सगळ्यांची ताटं वर झाली. हशा, गलका, एकच धांदल. कोणीतरी ब्रासबँडवाल्याला आत बोलावलं. देवळामागे कुत्री तीनपर्यंत वाट बघून कंटाळून गेली. सिरिल पळी घेऊन धावत होता आणि बाहीनं डोळे पुसत होता, आणि कोणी बघतंय का याची त्याला पर्वा नव्हती.

मामा पंगतीच्या टोकाला होते. त्यांनी तीनदा घेतलं. तिसऱ्यांदा गाजर नको म्हणाले.

जेवणं उरकल्यावर सिरिल त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. खिशातून साबणाची डबी काढली, दोन्ही हातांनी पुढे धरली.

“मामा, तुमचे दात.”

मामांनी डबीकडे पाहिलं. मग ताटाच्या कडेचा उरलेला रस बोटानं पुसून घेतला, बोट चाटलं, सावकाश.

“तू आहेस ना आता,” ते म्हणाले. “दात कशाला?”