उसने विरजण

आधीच सांगतो, ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, शब्द साधे आहेत. पदरात घ्यावे.

एका राज्यात निळी साथ आली. माणसाचे ओठ निळे पडत आणि सातव्या दिवशी श्वास थांबे. एका मांत्रिकाने मंत्राचे दही लावले. एक चमचा खाल्ला की माणूस बरा. राजाने ते सोन्याच्या हंड्यात कोंडले. एका चमच्याला एक शेत, असा भाव ठरला. शेतवाले जगले, शेते मांत्रिकाची झाली. नदीपलीकडच्या राज्यांना थेंबही मिळेना, म्हणून दर अमावास्येला साथ नावेतून परत येई.

सुभाना गवळ्याला शेत नव्हते. बहीण तुळसा निळी पडली, तेव्हा तो दरबारात गेला.

"शेत नाही, तर तीन कामे कर," राजा म्हणाला.

पहिल्या दिवशी त्याने बंद गल्ल्यांत दूध पोचवले. दुसऱ्या दिवशी प्रेते घाटावर नेली. तिसऱ्या दिवशी मांत्रिकाच्या नव्या महालाला दगड वाहिले. हवेल्यांतून लोकांनी कौतुकाने त्याच्यावर फुले टाकली. ती त्याने म्हशींना घातली.

चमचा मिळाला, तेव्हा हंड्यावर बसलेली एक मैना बोलली, "गवळ्या, या दह्याचा शाप ऐक. कोंडलेले नासेल, वाटलेले वाढेल."

"राजाला का सांगत नाहीस?"

"रोज सांगते. तो म्हणतो, मैना गोड गाते."

घरी सुभाना म्हणाला, "तुळसे, तोंड उघड."

"दादा, गवळ्याच्या घरात विरजण कुणी चाटून संपवतं का? शेजारीण हसेल. दुधाला लाव."

"लागायला रात्र जाईल. आज तुझा सहावा दिवस."

"मग उबेला ठेव. माझ्या गोधडीत ठेव. ताप आहेच, कामाला येऊ दे."

त्याने मडके तिच्या कुशीत ठेवले आणि तिचा श्वास ऐकत बसला.

उजाडता दही लागले. पहिला चमचा तुळसाने खाल्ला, ओठ तांबूस झाले. मग वाटीभर शेजारणीला दिले. तिने घरी लावून पुढे दिले. नावाड्याने पलीकडे नेले. अमावास्या आली, साथ आली नाही. सोन्याच्या हंड्यात मात्र किडे पडले.

निळ्या ओठांचा राजा वाटी घेऊन दारात आला. "केवढ्याला?"

"विरजण विकत नसतात, महाराज," तुळसा म्हणाली. "शेजाऱ्याला देतात. तुम्ही कुणाचे शेजारी?"

राजाने वाटी उंबऱ्यावर ठेवली. मग म्हणाला, "ज्याचे शेत त्याला परत."

शब्द निघताच मांत्रिकाचा धूर झाला. कोंडलेले सुटले, शाप फिटला. तुळसाने वाटी भरली.

जयजयकार कुणी केला नाही. माणसे फार दमली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे सुभाना उठला आणि म्हशींची धार काढायला बसला.